आधी थंड, मग गरम

बेबीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या घरी नातीचे ओले केस पुसत होते. फोन बोरी अरबहून होता, ताईच्या शेजारणीचा, सुभद्राकाकूंचा. त्यांच्या आवाजात रडू नव्हते. नवल होते आणि थोडा रागही, जणू कुणी त्यांना फसवले होते. "सकाळी सातले मी चहा घेऊन गेलती," त्या सांगू लागल्या. "गोधडीत हात घातला तं आंग कसं गरम! म्हटलं, झोपू द्या. चहा उशाशी ठेवला न आली. नवाले पायतो तं चहा तसाच, साय धरलेला... अन् बाई कवाचीच गेलेली." गोधडीत, पोटापाशी, दोन विटा होत्या. संध्याकाळी चुलीत तापवायच्या, जुन्या लुगड्याच्या चार पदरांत गुंडाळायच्या आणि अंथरुणात घ्यायच्या, हा ताईचा हिवाळाभराचा नेम. सकाळपर्यंत त्या ऊब धरून राहत. त्या पहाटे बाहेर तुरीच्या शेंगांवर दव गोठायला आले होते आणि आत तिच्याच विटांनी तिचे मरण दोन तास झाकून ठेवले होते. माणूस गेल्यावर अंग थंड पडते, एवढी साधी खूणही तिच्या वाट्याला आली नाही.

बेबीताई माझी मावसबहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. दिग्रसला तिच्या वडिलांचे रेडिएटर दुरुस्तीचे दुकान होते. शाळेच्या सुट्टीत मी तिथे जाई तेव्हा नवसागराचा धूर डोळ्यांत झोंबायचा, तापलेल्या कथिलाचा गोडसर करपट वास फ्रॉकला दिवसभर चिकटून राही. ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्या रेडिएटरना डाग देण्याचे काम काका तिला शिकवत. कथिलाचा थेंब भोकावर बरोबर बसून चांदीसारखा थिजला की ती ओठ दुमडून, आवाज न करता हसायची. पाणी कुठून पाझरते, कुठे तापते, तापले की कुठे पळते, हे तिला इतर मुलींना गाणी पाठ असावीत तसे पाठ होते. एकोणिसाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती बोरी अरबला गेली.

पहिले मूल पौषात झाले. मुलगा. पत्र्याची खोली, पत्र्याखालून येणारा वारा, भिंतीला ओल. आठव्या दिवशी सकाळी घरात कुणी नव्हते. अवकाळी पावसाने पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे सरपण, भिजली होती आणि भिजलेली पऱ्हाटी नुसती धुमसते, पेटत नाही. तासभर फुंकून तिच्या हाती जेमतेम तांब्याभर गरम पाणी आले. बाळ रडत होते. बादलीत थंड पाणी आधीच काढून ठेवलेले होते. तिने तांब्या त्यात ओतला आणि कोमट झालेल्या त्या पाण्याने लेकराला न्हाऊ घातले. नेमक्या त्या वेळी दारात सुभद्राकाकू उभ्या होत्या. त्या वेळच्या तरुण, त्याच गल्लीत नव्याने सून होऊन आलेल्या. त्यांनी ते पाहिले. चार दिवसांनी मूल गेले. हातपाय निळे, ओठ निळे... थंडीने गेले, हे कुणालाही दिसले असते. परंतु आपल्याकडे आंघोळीच्या पाण्याला एक क्रम आहे. गरम पाणी आधी, मग त्यात थंडाचे विसण. उलट क्रम, म्हणजे थंडात गरम, फक्त मेलेल्या माणसाच्या आंघोळीसाठी. तेराव्याच्या आत गावभर झाले की बेबीने जित्या लेकराला मयताच्या पाण्याने धुतले. दोन वर्षांत नवऱ्याने दुसरी बायको आणली. ताईच्या वाट्याला त्याच गल्लीच्या टोकाची, गावाच्या कडेची दहा बाय अकराची एक खोली आली. ओल्या लाकडांचे आणि उघड्या पत्र्याचे नाव त्यानंतर कुणीही घेतले नाही.

ती माहेरी परतली नाही. "मी गेली तं या लोकायचंच खरं होईन," असे ती मला म्हणाली होती. बाजाराच्या दिवशी ती झाडाखाली पोते अंथरून बसे आणि फवारणीचे पंप, स्टोव्ह, गळकी पिंपे दुरुस्त करी. आणि उरलेल्या वेळात त्या खोलीला ऊब शिकवी. दुसरा शब्द मला सापडत नाही. खताची रिकामी पोती उसवून, त्यांत कुटार, म्हणजे मळणीचे भुसकट, भरून, गोधडीसारखे टाके घालून तिने पत्र्याच्या आतून छत शिवले. खिडकीसमोरची भिंत काजळीने काळी केली. तेलाचे पत्र्याचे डबे काळे रंगवले, पाण्याने भरले आणि त्या भिंतीशी, खिडकीतून येणाऱ्या उन्हात, ओळीने मांडले. दिवसभर ते ऊन पीत आणि अंधार पडला की हळूहळू परत देत. डब्यात बाटली उभी करून, भोवती लाकडाचा भुसा ठासून, ती अलगद काढली की जे भोक उरते, त्यातून पेटवलेली शेगडी धूर न करता तासन्‌तास जळत राही. मात्र वरच्या झरोक्याला ती कधी चिंधी लावू देत नसे. "धगीले नाक पायजे," ती म्हणे, "नाई तं मानसाचंच नाक बंद करते ते." हिवाळ्यात त्या खोलीत पाऊल टाकले की कुटाराचा, काजळीचा आणि ऊन लागलेल्या पोत्याचा वास एकदम अंगावर येई. गाय जवळ उभी असावी तसे वाटे.

आणि मग ती टाकी. भंगारात निघालेला ट्रॅक्टरचा रेडिएटर तिने चिंचेच्या पाण्याने कित्येक दिवस धुतला, काळा रंगवला, जुन्या खिडकीच्या काचेखाली उन्हात तिरपा बसवला. त्याच्यावर, चार विटांच्या खांबांवर, लोखंडी पिंप. पिंपाभोवती बांबूची मोठी कणगी आणि मधल्या जागेत ठासून भरलेले कुटार. दोन पाइप: एक पिंपाच्या तळातून थंड पाणी खाली नेणारा, दुसरा तापलेले पाणी वर आणणारा. मोटर नाही, वीज नाही. तापलेले पाणी आपण होऊन वर चढे आणि पिंपातल्या थंड पाण्यात मिसळत राही. दुपारपर्यंत नळाखाली हात धरवत नसे. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा टाळ्या वाजवल्या. सुभद्राकाकू कुंपणापलीकडून पाहत होत्या. त्या तिला कधी भाकरी आणून देत, ताप आला तर कपाळावर पट्टी ठेवत; वाईट बाई नव्हत्या त्या. पण नळाकडे बोट करून म्हणाल्या, "अवं बेबे, थंडात गरम पाडून राह्यली तू. हे तं मयताचंच पानी झालं."

"मी नाई पाडत, काकू. ते सोताच चढते."

"तेच तं! सोताच कोनी चढते का?"

ताई मोठ्याने हसली, पण मला तिच्या मानेची शीर दिसत होती. हे यंत्र तिने पाण्यासाठी केलेलेच नव्हते. पंचेचाळीस अंश तापलेला तो प्रत्येक थेंब म्हणजे तिने गावाला घातलेला एक प्रश्न होता. ती स्वतः रोज त्याच पाण्याने नाहत असे आणि धडधाकट होती, पण "तुले काय व्हते, तुहं सगळं होऊनच गेलं" असे उत्तर मिळे. तिला एक तान्हे मूल हवे होते. कुणाचेही. ते या पाण्याने न्हाऊन जगले, वाढले, अंगणात धावले, एवढेच तिला पाहायचे होते. गल्लीत बाळंतीण आली की ती बादली भरून दारात नेऊन ठेवी, आणि बादली तशीच थंड होऊन परत येई. तिने कधी क्रम बदलला नाही. एकदा मी सुचवले, ताई, चुलीवर तापवून दे ना, कुणाला कळणार आहे? "मले कळन नं," ती म्हणाली. "अन् तुह्या गिझरात कोन पायते, आधी कोन गेलं न मंग कोन गेलं ते? यवतमाळात लेकरं मरतेत का मंग?"

गेल्या हिवाळ्यात माझ्या लेकीला, सायलीला, मुलगी झाली. ताईने फोनवर फक्त एकदा विचारले, आणि विचारताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला दुसऱ्यांदा ऐकावे लागले. "एक दिवस आन. ऊन वर असतानीचं एकच आंगधुनं..." मी शब्द दिला. मला सगळे माहीत होते, म्हणून दिला. रेवा तीन आठवड्यांची असताना आम्ही बोरी अरबला गेलो. ताईने अंगण सारवले होते, नवी कोरी बादली आणली होती. टाकीचे पाणी भरून, जरा निवू देऊन तिने आपले कोपर त्यात बुडवले, डोळे मिटले, मोजल्यासारखे थांबली. "बरोबर हाय," म्हणाली आणि धुरीसाठी शेगडीतला इस्तो, म्हणजे निखारे, आणायला आत गेली.

तेवढ्यात कुंपणाशी काकू उभ्या राहिल्या. आवाज न चढवता, मायेनेच म्हणाल्या, "बाई, इचार करून धुवा. लेकरू तुमचं हाय." सायलीने माझ्याकडे पाहिले. तिने बाळाला छातीशी थोडे अधिक आवळले. मी शिकलेली बाई. अशा समजुतींवर मी वर्गात बोलले आहे. पण त्या क्षणी ताईचे निळ्या ओठांचे बाळ, जे मी कधी पाहिलेही नव्हते, ते सायलीच्या हातात मला दिसले. मी बादली उचलली आणि पपईच्या मुळाशी उलटी केली. अंगणातल्या चुलीवर चहासाठी आधण ठेवलेले होते. ते आधी ओतले, मग वर थंड घातले. ताई इस्तो घेऊन बाहेर आली तेव्हा रेवा पाण्यात पाय मारत होती. ताईचा चेहरा... त्या चेहऱ्याचे वर्णन मी करणार नाही. तो मी फसवून मिळवला होता. तिने बाळ उचलले, टाळूचा वास घेतला, दुपट्यात गुंडाळून अंगणात चार पावले चालली. अनवाणी होती. पपईपाशी तिचा पाय ओल्या मातीत पडला आणि तिथेच थांबला. माती अजून गरम होती.

तिने बाळ माझ्या हातात दिले. पपईकडे पाहत म्हणाली, "झाडाले येवढं गरम नको टाकत जाऊ व. मुळं जळते त्याचे."

बस, एवढेच. जेवू घातले, सायलीची ओटी भरली, रेवाच्या कपाळाला काजळ लावले. पुन्हा या, असे मात्र म्हणाली नाही. पुढचे वर्षभर फोनवर ती रेवाची चौकशी करी आणि शेवटी न चुकता विचारी, "आंग धुतलं का पोरीचं? आधी गरम, मंग थंड, नाई का?" आणि हसे. मी माफी मागण्यासाठी शब्द जुळवत राहिले. शब्द जुळवण्यात माझे आयुष्य गेले आहे, तरी ते जुळले नाहीत. जायचे, समोर बसून सांगायचे, असे ठरवत ठरवत दुसरा हिवाळा आला.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगले चढले होते. अंगणात बायका तीन दगड मांडून मयताचे पाणी तापवायला बसल्या होत्या. दवाने पऱ्हाटी ओली होती, नुसता धूर. खोकत, डोळे पुसत त्या फुंकत होत्या. कुणीतरी म्हणाले, "अवं, कायले जीव जाळता? हिच्या टाकीत हायच नं पानी." मग सुभद्राकाकू उठल्या. "हो नं व. आज तं चालते." बायकांतल्या दोघी फस्सकन हसल्या आणि त्यांनी पदर तोंडाशी नेला. इतक्या वर्षांत प्रथमच त्या गल्लीच्या हातांनी तो नळ उघडला. पाणी वाफाळत आले. काकूंनी बोटे धरली, मग अख्खा हात धरला आणि तिथेच ठेवला. "बेस गरम हाय वो," त्या पुटपुटल्या. "धूर नाई, काही नाई..." मी बादलीत कोपर बुडवून पाहिले. बरोबर होते. तिच्या काळ्या, कथिलाचे डाग पडलेल्या बोटांवरून, केसांतून, बेंबीखालच्या जुन्या वळांवरून ते पाणी वाहिले आणि अंगणाच्या उतारावरून पपईकडे गेले. पपई खालपासून वरपर्यंत फळांनी लगडली होती. ताईला हवा होता तो पुरावा मी एका झाडाला दिला होता.

महिन्याभराने खोली आवरायला गेले. किल्ली काकूंकडेच आहे. दुपार कलली होती. भिंतीशी डबे ओळीने उभे होते आणि हात लावला तर कोमट होते. कुणी येवो न येवो, ते आपले ऊन पीतच होते. काकूंनी चहा आणला. सहज सांगावे तसे सांगितले, की गेल्या आठवड्यात पलीकडच्या आळीतला म्हातारा गेला, तेव्हाही पाणी इथूनच नेले. "बेस सोय झाली गावाले. बेबीचं नाव राह्यलं."

"आणि तुम्ही नाही नेत, काकू? रोजच्या आंघोळीला?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना शिवी दिली. "जित्या मानसाले?"

त्या दिवसापासून मी स्वतःसाठी बादली भरते ती आधी थंड पाण्याने, मग गरम. वाफ वर येते, कोपर बुडवते, डोळे मिटते. काही होत नाही. माझ्यामागून नातीची आंघोळ असते. आता ती उभी राहते, बादलीचा काठ धरते, नळाकडे बोट दाखवते. सायली टॉवेल घेऊन दारात थांबलेली असते. मी मनाशी रोज ठरवते. आणि रोज माझा हात आधी गरम पाण्याच्या नळाकडे जातो.