अनंताच्या पानावर

पुण्याहून सकाळच्या गाडीने निघालो तेव्हा सुनेने माझ्या पिशवीत मुगाच्या कढणाचा लहानसा डबा आणि नातीचा जुना चमचा ठेवला. गेल्या ज्येष्ठात शस्त्रक्रिया करून माझ्या जठराचा मोठा भाग काढून टाकण्यात आला; तेव्हापासून मी त्याच चमच्याने जेवतो. मधुमेह, निकामी होत चाललेले गुडघे आणि झोपेत अडकणारा श्वास यांतून सुटण्याचा हा मार्ग डॉक्टरांनी सुचविला आणि मी तो स्वीकारला. प्रत्येक घास पातळ होईपर्यंत चावायचा, जेवताना पाणी प्यायचे नाही, गोडापासून दूर राहायचे, आणि पोटाने 'पुरे' म्हटले की हातातला घासही खाली ठेवायचा. उभे आयुष्य संस्कृत शिकविण्यात आणि लोकांच्या पंक्तींत मनापासून जेवण्यात गेले. उतारवयात मला जेवणे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले.

निघण्याचे कारण असे, की माझा बालमित्र अनंत याचे वर्षश्राद्ध होते. त्याचे घर खालापूर तालुक्यात, कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला एका लहान गावी आहे. त्याच्या वडिलांच्या श्राद्धाला मी दर वर्षी भोक्ता (पितरांच्या जागी बसून जेवणारा ब्राह्मण) म्हणून जात असे. भोक्ता तृप्त झाला की पितर तृप्त झाले, अशी आपली श्रद्धा. आणि मला तृप्त करणे हा अनंताचा छंद. "अण्णा जेवला म्हणजे बाबा दोनदा जेवले," असे तो म्हणे. आता त्याच्याच पानावर मी बसावे, अशी त्याच्या पत्नीची, कुसुमवहिनींची इच्छा होती. माझा आहार अगदी थोडा झाला आहे, हे मी त्यांच्या मुलाला, मंदारला, फोनवर सांगितले होते. "या तर खरे, काका," एवढेच तो म्हणाला.

घाटात गाडी सावकाश उतरत होती. कार्तिक संपत आला होता. उतारांवरचे गवत पिवळे पडले होते आणि कड्यांवर धबधब्यांच्या जागी नुसते काळे ओघळ उरले होते. एकामागून एक बोगदे गेले. पूर्वी या वाटेने जाताना बोगद्यांच्या अंधारात मला पुढच्या पंक्तीचे वास येत. या खेपेस डोळे मिटून मी नामस्मरण केले, पण मन त्यात लागले नाही.

कर्जतच्या फलाटावर उतरलो. येथे अनंत कागदात बांधलेले दोन गरम वडे घेऊन एका खांबाशी उभा असे. एक आल्याबद्दल आणि एक उशिरा आल्याबद्दल, असे त्याचे गणित. मी सवयीने त्या खांबाकडे पाहिले. तेथे एक वडेवाला पाटी टेकवून उभा होता.

"बाबा, दोन बांधू?"

"नको रे."

"एक तरी घ्या. आताच काढलाय, गरम हाय."

"खरेच नको."

"पथ्य हाय काय? मग वासाचं पैसं नाय घेत," असे म्हणून तो हसला आणि पुढच्या डब्याकडे गेला.

स्थानकाबाहेर रिक्षा होती. पूर्वी मी मागे बसलो की रिक्षा भरली, असे चालकच म्हणत. या वेळी माझ्या एका बाजूला पिशव्या घेतलेली एक प्रौढ बाई, दुसऱ्या बाजूला तिची धाकटी बहीण, आणि तरी चालक म्हणाला, "बाबा, सरका जरा, अजून एक बसंल." मी सरकलो. चौथा मनुष्य खरोखरच बसला. ज्या हलकेपणासाठी मी शरीर कापून घेतले, तो असा हाती आला; पण त्याचा आनंद व्हावा तसा झाला नाही.

बाई माझ्या सैल सदऱ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"बाबा, सदरा थोरल्या भावाचा काय?"

"माझाच आहे."

"मंग तुमी आजारी हाव काय?"

"नाही. पोटाची शस्त्रक्रिया झाली. आता बरा आहे."

"गप गं, काय बी इचारते," धाकटी म्हणाली.

"इचारलं तर काय झालं? बाबा, वालाचं बिरडं खावा (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ). अंगावर मास येतंय."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून झाला होता. खाचरांतून उडव्या (भाताच्या पेंढ्यांच्या रचलेल्या गंजी) उभ्या होत्या आणि ओल धरलेल्या जमिनीत वालाची दोन-दोन पाने वर आली होती. मधूनच शहरी लोकांच्या फार्महाऊसच्या भिंती आणि भूखंड विक्रीचे फलक येत. एका बाजूला माथेरानचे पठार, आणि पुढे इर्शाळचा सुळका धुरकट उन्हात उभा. सारे ओळखीचे होते. फक्त मी उतरलो तेव्हा रस्त्याच्या कडेला कोणी हाक मारली नाही.

मंदार रसायनीला एका कारखान्यात नोकरीस आहे. तो रजा घेऊन घरी होता. दारात त्याने मला पाहिले आणि वाकून नमस्कार करताना त्याचे हात क्षणभर थांबले. मागून कुसुमवहिनी आल्या. त्यांनी मला ओळखले ते आवाजावरून.

"अण्णाभावजी? अहो, हे काय झालं तुमचं?"

मी सांगू लागलो, पण तोवर त्यांनी रीतीप्रमाणे गूळपाणी पुढे केले. त्या घरचे गूळपाणी मी कधी नाकारले नव्हते. सवयीच्या हाताने लोटी तोंडाला लावली, गुळाचा भला मोठा खडाही खाल्ला. थोड्या वेळाने अंगाला दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. मंदारने मला ओटीवर आडवे केले. वहिनी घाबरून वारा घालू लागल्या. अंग स्थिर झाल्यावर मी पडल्या पडल्याच सारे सांगितले. मंदार मान खाली घालून उभा होता. त्याने आईला काही कळविले नव्हते, हे उघड झाले.

वहिनींचा पंखा थांबला.

"म्हणजे धडधाकट पोट तुम्ही कापून घेतलंत?"

"ते धडधाकट नव्हते, वहिनी."

"जेवण जात होतं ना?"

"जात होते."

"ह्यांच्या पोटात गाठ. दोन घास गेले की पुरे. मी ताट घेऊन मागे लागायची, लहान मुलासारखं. कधी रागावायची, कधी रडायची. आणि ज्याला खाता येत होतं त्यानं आपल्या हातानं—" त्यांनी वाक्य पुरे केले नाही. "माणूस माझ्या घरात उपाशी गेला हो, भावजी. वर्षभर मी हा एक दिवस धरून बसले होते. म्हटलं, अण्णाभावजी येतील, पोटभर जेवतील, म्हणजे यांचं पोट भरेल."

त्या आत गेल्या. मी वर आढ्याकडे पाहत पडून राहिलो. सायंकाळी संध्या करून परसात बसलो तेव्हा स्वयंपाकघरातून उडीद वाटल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशीचे वडे. त्या आवाजात राग होता की नित्याचे काम, हे मला समजेना.

सकाळी खोपोलीहून दिगंबर गुरुजी आले. सोबत देवस्थानी (विश्वेदेवांच्या जागी) बसणारा दुसरा ब्राह्मण होता. मी गुरुजींना बाजूस घेऊन माझी अवस्था सांगितली. ते विचारात पडले.

"शास्त्रीबुवा, आपल्याला मी काय सांगावे? आग्रहाने घास जास्त गेला आणि पिंडदानाआधी पितृस्थानी वांती झाली, तर श्राद्ध बिघडले. पुन्हा करावे लागेल. आणि पान तसेच टाकलेत, तर वहिनींच्या मनाला लागेल."

"म्हणून विनंती करतो. तुमच्या सोबतच्या ब्राह्मणांना पितृस्थानी बसवा, मला देवस्थानी."

गुरुजींनी मान डोलविली. तेवढ्यात सोवळ्यात असलेल्या वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या.

"नाही. ह्यांच्या पानावर अण्णाभावजीच बसतील."

"वहिनी, मला झेपणार नाही."

"ते मी ऐकलं काल." एवढे बोलून त्या परत चुलीकडे गेल्या.

मध्याह्नी श्राद्ध सुरू झाले. मंदारने माझे पाय धुतले. कद (सोवळ्याचे रेशमी धोतर) वरचेवर कमरेवरून घसरत होता. शेवटी तो करगोट्यात घट्ट खोचला. दर्भाचे पवित्रक बोटात राहीना, तेव्हा गुरुजींनी गाठ सोडून लहान करून दिले. मग मी अनंताच्या पानावर बसलो. केळीच्या पानावर भात, वरण, कढी, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, वडे, गव्हल्यांची खीर. सारे वहिनींच्या हातचे, आणि सारे अनंताच्या आवडीचे.

श्राद्धात भोक्त्याने मौनाने जेवावे, अन्नाची स्तुती किंवा निंदा करू नये, असा नेम आहे. आपोशन घेतले. पंचप्राणांना आहुती देताना भाताचे पाच लहान घास पोटात जातात. पूर्वी ती जेवणाची सुरुवात असे, आता तेच माझे अर्धे जेवण असते. मंदार वड्यांचे ताट घेऊन आला आणि आजोबांच्या श्राद्धाला वडील वाढीत तसे वाढायला वाकला. दारातून आवाज आला.

"मंदार, थोडं. अगदी थोडं वाढ." आणि जरा थांबून, "सावकाश होऊ द्या, भावजी."

त्या घरात 'थोडं' हा शब्द मी प्रथमच ऐकला.

मी वड्याचा एक तुकडा मोडला आणि चावत राहिलो. मग वरणभाताचा घास. मग कढीचा थेंबभर घोट, खिरीचे बोट. प्रत्येक पदार्थ पानावरून उचलताना मनात म्हणत होतो, अनंता, हे तुझे. बाजूचा ब्राह्मण जेवून केव्हाच थांबला होता. गुरुजी मंत्र म्हणत होते, तेही संपले. घर माझ्यासाठी खोळंबले होते. वहिनी उंबऱ्याला टेकून माझ्या हाताकडे पाहत होत्या. हात पानाकडे जाताना, वर येताना, मध्येच थबकताना. मग बरगडीखाली ती ओळखीची घट्ट जाणीव झाली आणि मी हात थांबविला. पानावर बरेच अन्न होते.

मंदारने हात जोडून विधीप्रमाणे संस्कृतात विचारले, तृप्त झालात का?

मी डोळे मिटले. असत्य बोलायचे नव्हते. पोटाला विचारले, त्याने होय म्हटले. "तृप्त झालो," असे मी संस्कृतात उत्तर दिले. पुढचा प्रश्न आला, उरलेल्या अन्नाचे काय करावे? इष्टजनांसह भोजन करावे, असे भोक्त्याने सांगायचे असते. तेही सांगितले. पिंडदान झाले, ब्राह्मणांचे विसर्जन झाले, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले.

घरची माणसे जेवायला बसली. भोक्त्याने त्या दिवशी पुन्हा जेवायचे नसते. मी पलीकडे पाटावर बसून राहिलो. वहिनींनी आपल्यासाठी पान घेतले नव्हते. मंदार म्हणाला, "आई वर्षभर अशीच आहे, काका. उभ्यानं काहीतरी तोंडात टाकते."

"वहिनी," मी म्हणालो, "मघाशी अनंताच्या पानावरून मी काय सांगितले, ते तुम्ही ऐकलेत. ते माझे सांगणे नव्हते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पान मांडून बसल्या. वड्याचा तुकडा तोंडात घालून माझ्यासारखाच चावत राहिल्या. दुसऱ्या घासाला त्यांचा हात अडला.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"दोन घासांत खरंच पोट भरतं?"

हा प्रश्न माझ्यासाठी नव्हता, हे मला कळले. म्हणून मी शब्द जपून वापरले. "अनंताच्या पोटातले मला ठाऊक नाही. त्याचा आजार वेगळा होता. माझ्या पोटापुरते सांगतो. भरते, वहिनी. अगदी भरते. पुढचा घास समोर दिसत असतो, आवडीचा असतो, वाढणाऱ्याचा चेहरा दिसत असतो, तरी जागा नसते. मन उठत नाही पानावरून. पण पोट भरलेले असते."

"ते म्हणायचे, 'कुसुम, खरंच पुरे.' मला वाटायचं, माझे कष्ट वाचवायला खोटं बोलताहेत." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आणि मी ओरडायची हो."

मंदारने पाण्याचे भांडे त्यांच्याजवळ सरकविले. त्या पुष्कळ रडल्या. मग पुन्हा पानाकडे वळून सावकाश थोडे जेवल्या. थोडेच. मी त्यांचे होईपर्यंत पाटावरून उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना वहिनींनी दर वेळचा डबा दिला नाही. दारात उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, "जपा. आणि पुढल्या वर्षी या." मी होय म्हटले. हलक्या झालेल्या देहाने पायऱ्या सहज उतरता आल्या, आणि पूर्वी प्रत्येक पायरीवर हात देणारा आता नाही, हे उतरून झाल्यावर जाणवले.

कर्जतला गाडी येण्यापूर्वी मी त्या खांबाशी जाऊन एक वडा घेतला. वडेवाल्याने ओळखले. "सुटलं वाटतं पथ्य!" तो म्हणाला. खिडकीशी बसून आवळ्याएवढा तुकडा मोडला आणि चावत राहिलो. पळसदरी मागे पडली, चढ सुरू झाला. मनात येत होते, देवाने अन्न दिले तसे त्याचे मापही देहात ठेवले. ते माप कधी रोग लहान करतो, कधी वैद्य. भोवतीच्यांचे प्रेम मात्र जुन्याच मापाने वाढत राहते, आणि वाढणाऱ्यालाच वाटते की आपले कमी पडले. अनंताने ते कसे सोसले असेल? मला विचारायला उशीर झाला होता.

समोरच्या बाकावर एक बाई आपल्या डब्यातली पोळीभाजी खात होत्या. माझ्या हातातल्या कागदाकडे पाहून त्या म्हणाल्या, "काका, गार होतोय. खा ना."

"खाल्ला," मी म्हणालो. "माझे झाले. पोट भरले."

त्यांनी त्या जवळजवळ अख्ख्या वड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांचा विश्वास बसला नव्हता.