विश्वासघात हा शब्द मी घेतला नाही

आधी वहिनींचं सांगतो. डिचोलीत मी ज्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो, त्या घरची ही सून. पणजीत एका वकिलाकडे काम करतात, बोलताना मराठीत कोकणी मिसळतात. त्या नसत्या तर मी मुकाट सही करून मोकळा झालो असतो.

मी चंदगडकडचा, नववीत शाळा सोडलेला. इथं कपडे धुवायच्या पावडरच्या कारखान्यात आहे. पावडर कालवायच्या टाक्यांमध्ये मोठं पातं फिरतं. टाकी घासायला आत उतरणाऱ्यानं खालच्या स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवायची, म्हणजे बाहेरून कुणी पातं चालू करू शकत नाही, हा नियम. पण आत एवढा उकाडा की माणूस नुसत्या चड्डीवर उतरतो. किल्ली ठेवणार कुठं? मग ती खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात द्यायची, अशी आमची रीत.

त्या दुपारी माझा बेळगावचा जोडीदार आत होता. आमच्या पाळीचे साहेब घाईत आले.

"किल्ली दे. माल अडकलाय."

"आत माणूस आहे, साहेब."

"तो कधीच चहाला गेला. दे म्हणतो ना!"

मी मूठ आवळली आणि वर तोंड करून जोडीदाराला हाक मारली. टाकीतून ठणठण उत्तर आलं. साहेब लालबुंद होऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात माझ्यावरच्या आरोपांचा इंग्रजी कागद आला. सही केली तर नोकरी राहील, साहेब म्हणाले. उद्या देतो म्हणून मी तो घरी आणला. नोकरी गेली तर आईला काय सांगू?

वहिनींनी खांद्यावरची पिशवीही न उतरवता तो वाचला.

"व्हायोलेशन म्हणजे नियम मोडप. मोडलास?"

"मोडला. दुसऱ्याची किल्ली माझ्याकडं होती."

"इनसबॉर्डिनेशन. वरच्याचं ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं."

"आणि हें ब्रीच ऑफ ट्रस्ट. कोणी विश्वासानं सोपवलेलं, त्याचा तू घात केलास. किल्ली कोणी दिली तुला?"

"जोडीदारानं."

"त्याचो घात केलास?"

"वहिनी, तो जिता आहे!"

"मग ह्या शब्दाखाली सही कित्याक करता? उद्या दुसरीकडे काम मागशी, तर चोर म्हणतले."

"आणि नोकरी गेली तर?"

वहिनींनी कागद माझ्या हातात परत दिला. "जाऊं दी म्हणप मला सोपं आसा रे. तुझं तू ठरव."

सकाळी ऑफिसात साहेबांपुढं कागद ठेवला. म्हणालो, "नियम मोडला, लिहा. तुमचं ऐकलं नाही, तेही लिहा. आत माणूस असेल तर पुन्हाही ऐकणार नाही. पण हा तिसरा शब्द काढा. त्याशिवाय सही नाही."

"इंग्रजी शिकून आलास वाटतं?"

"तीनच शब्द शिकलो, साहेब. तेवढ्यावर भागलं."

साहेबांनी तो शब्द काढून नवा कागद छापून आणला. मी सही केली. बिनपगारी आठवडाभर घरी बसवलं, बसलो. नोकरी राहिली. नसती राहिली तरी त्या शब्दाखाली माझं नाव गेलं नसतं.

वहिनींना डिचोलीतच स्वतःचं छोटं ऑफिस काढायचं आहे. सध्या माझ्याकडं द्यायला काही नाही. पण त्या जागा घेतील तेव्हा भिंती घासणं, रंग देणं, टेबल वर चढवणं, सगळं मी करणार. रजा मिळो न मिळो.