निळ्याची लाथ

माझी मधली लेक कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवते. दिवसभर नुसत्या कॉलरी. अख्खा शर्ट तिच्या हातून शिवून कित्येक वर्षं झाली. कॉलरचं टोक अंगठ्याच्या नखानं असं बाहेर काढते की पट्टी लावून बघायची गरज नाही. तिच्यासाठी आयुष्यात कोणी टाळ्या वाजवल्या असतील, तर त्या आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात.

तिथं मारामारीचं एकच मशीन होतं. दोघांनी शेजारी उभं राहायचं, दांडा फिरवायचा, बटणं बडवायची, की काचेतली दोन माणसं एकमेकांना बडवणार. त्यांचं एकमेकांशी नेमकं काय वाकडं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मधली तेव्हा फ्रॉकमध्ये होती. थोरल्या भावाच्या कोपराला चिकटून बघत बघत शिकली आणि त्यालाच हरवायला लागली. मग बाकीच्यांना. मिसरूड फुटलेली पोरं तिच्यापुढे रडकुंडीला यायची. जिंकेल त्यानं डावीकडची जागा धरून राहायचं, असा तिथला नियम, त्यामुळे हिची जागा कायम डावीकडे. हे सगळं तिनं कारखान्यात इतक्यांदा सांगितलंय की तिथल्या बायका तिला पैलवान म्हणतात.

थोरला ट्रक चालवतो, महिनेच्या महिने बाहेर असतो. गेल्या खेपेला आला तेव्हा जेवताना सहज बोलून गेला, की त्या मशीनचं उजव्या बाजूचं लाथेचं बटण मेलेलं होतं, नाहीतर ही कसली जिंकते. जावई हसले. मधली ताट उचलून आत गेली. तेव्हापासून फोनवरही दादाशी हो-नाहीपुरतंच. एवढ्याशा बटणावरून? मला काही उमजेना, पण तिचं तोंड बघून विचारायची छाती होईना. शेवटी एकदा भाजी निवडताना तीच म्हणाली, "आई, मी खरंच जिंकत होते, की समोरच्याचे हात बांधलेले होते?" मी काय सांगणार, मी तर त्या दुकानात तिला कान धरून घरी आणायला तेवढी जायचे.

या खेपेला थोरला टीव्हीला जोडायचं नवीन मशीन घेऊन आला. यात तोच जुना खेळ मिळतो म्हणे, जसाच्या तसा, आणि बटणं सगळी जिवंत. होऊन जाऊ दे निकाल, म्हणाला.

सुट्टीच्या दुपारी दोघं बसली. ती बटणांची वस्तू हातात धरून अंगठ्यांनी दाबायची असते. या दोघांनी आपापली स्टुलावर आडवी ठेवली आणि वरून बोटांनी बडवायला घेतली. असं नसतं धरायचं, असं जावई सांगायला गेले, तर दोघं एकदमच त्यांच्या अंगावर आली. इतक्या महिन्यांनंतर त्यांचं एकमत झालेलं ते पहिलंच. जावई चपला घालून बाहेर पडले.

मला मात्र सुटका नव्हती. मधलीनं मला टीव्हीसमोर पंच म्हणून बसवलं. म्हणाली, "तू एवढंच बघ, दादा लाथ मारतो की नाही. खेळताना माझं लक्ष राहत नाही. तो मुद्दाम हरला तर मला सांग. दया नकोय मला."

आता गंमत अशी की दोघांनी एकच माणूस निवडलेला. नाक तेच, केस तेच, फक्त कपडे एकाचे निळे, एकाचे लाल. कोण कोणाचा, ते मला सांगितलं होतं. पण ते मेले एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारायला लागले आणि माझा सगळा गोंधळ झाला. तरी मी एकाला धरून बसले. पापणी लवू दिली नाही.

मधली जिंकली. परत खेळली, परत जिंकली. पण हसली नाही. माझ्याकडे वळली आणि विचारलं, मारली का लाथ.

"एकदाही नाही," मी म्हटलं. "डोळ्यात तेल घालून बसले होते. निळ्यानं लाथ म्हणून मारली नाही."



"आई," थोरला म्हणाला, "निळा तिचा. माझा लाल."

मी म्हटलं, मग लालाचं मला विचारू नका. त्यानं कबूल केलं, की लालानंही नाही मारली. बटण चालतंय, पण बोटच तिकडं जात नाही, मोडकं बटण टाळायची सवय हाडात मुरलेली. मधलीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

"माझ्या बाजूचं तर चालत होतं ना दादा? मग मी का नाही मारत?"

थोरल्यानं बराच वेळ डोकं खाजवलं. "माझं बघून शिकलीस तू. मी मारायचो नाही, म्हणून तूही नाही. तेव्हासुद्धा कधी मारल्याचं आठवत नाही मला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे मी हरतच होतो गं. नुसताच हरत होतो."

मी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. ज्याला बटण नव्हतं तो मारत नव्हता, आणि जिला होतं तीही मारत नव्हती. मग इतके महिने भांडण कशाचं होतं? मधलीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती, त्यामुळे तिकडूनही काही उलगडा होईना.

डोळे पुसून तिनं विचारलं, लाथेचं बटण कुठलं ते दाखव. त्यानं दाखवलं. तिनं दाबलं, निळ्यानं हवेत पाय झाडला. परत दाबलं. तिसरी लाथ थेट लालाच्या पोटात बसली.

"अगं थांब, मी अजून तयार नाही," थोरला म्हणाला.

ती काही थांबली नाही. पंच म्हणून आता कोणाला आवरायचं, ते मला कळेना. मी आपली लालावर नजर ठेवून बसून राहिले.