पेशंटच्या पलंगावर

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. भाऊजी गेल्यापासून अकोल्यात एकटीच राहते. तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मी अमरावतीचं घर नवऱ्याच्या भरवशावर सोडून तिच्याकडे जाऊन राहिले. डॉक्टरांनी बजावलं होतं, "वॉकर घेऊन आत्ताच एकट्या चालल्या नाहीत, तर पुढे चालणारच नाहीत." आणि ताईचं एकच, "मले पडाचं भेव वाटते." मी धरलं तर चार पावलं टाकायची, हात काढला की मटकन खाली. समजावलं, चिडले, देवाची शपथ घातली. बाई ऐकेल तर खरं!

दोन महिने हेच. माझ्या केसांना तेल नाही, जेवण ओट्यापाशी उभ्यानं, बीपी वाढलेलं. पुण्याहून लेकीचा फोन, "आई, रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी काढ."

"कुठून काढू माय? विहिरीतून?"

पण लेकीचा मान ठेवायचा म्हणून एक दिवस डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून बसले. दोन मिनिटं झाली नाहीत तर बेल.

आमच्या वऱ्हाडात पेशंट पाहायला येणं हा मोठा कार्यक्रम असतो. एकटंदुकटं कोणी येत नाही, ऑटो भरून येतात. बिस्किटचा पुडा उशाशी ठेवतात आणि याच हाडापायी गावातलं कोण कोण मेलं, ते पेशंटलाच सांगतात. चहा न पाजता त्यांना जाऊ दिलं, तर सात पिढ्यांचं नाक कापलं जातं. त्या दिवशी घरात चहासोबत द्यायला काही नव्हतं. डोळ्यांवरच्याच चकत्या मीठ लावून पुढे ठेवल्या. सगळ्यांनी आवडीनं खाल्ल्या. आज सांगून टाकते, तेवढंच मन हलकं.

मग आली एप्रिलमधली ती दुपार. ताईला मागच्या खोलीत खुर्चीवर बसवून तिच्या डोक्याला तेल लावलं. तिचा तिथंच डोळा लागला. समोरच्या खोलीत तिचा पलंग आणि पलंगासमोर घरातला एकुलता एक कूलर. म्हटलं, पाच मिनिटं पडावं. ताईचाच दुपट्टा तोंडावर ओढला. दार लावायचं राहिलं.

जाग आली, तर कोणीतरी माझे पाय दाबत होतं. बोलण्यावरून कळलं, ताईच्या सासरच्या बाया, मूर्तिजापूरकडच्या. चार-पाच तरी असतील.

"उठवू नका तिले," एक कुजबुजली. "कशी वाळून गेली वं बिचारी!"

माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. मला वाळलेली म्हणणारी जन्मात पहिलीच बाई भेटली होती. तिचं मन कसं मोडू? शिवाय उठले असते तर पुन्हा चहा टाकणं आलंच. पडून राहिले.

"अन् ते अमरावतीवाली बहीण कोठी हाय?"

"असन कोठी बोंबलत. लय तोंडाळ हाय ते. पण बहिणीचं करते हो मन लावून."

तोंडाळ म्हणे! अस्सा राग आला. पण पाय दाबणं चालू होतं, म्हणून गिळला.

मग ठरलं की हिला नजरच लागली आहे. एकीनं पदराच्या गाठीतून मिरच्या-मोहऱ्या काढल्या, पुटपुटत माझ्यावरून सात वेळा उतरवल्या आणि जाळायला स्वयंपाकघरात गेली. आतून किंकाळी आली.

"अवं माय वं! पेशंट तं इथं चाय ठेवून राहिली! मंग पलंगावर कोण निजलं?"

मी ताडकन उठून बसले. पाय दाबणारी किंचाळत कूलरवर आदळली. तिला तसंच टाकून मी आत धावले.

ताई ओट्याशी उभी होती. एक हात वॉकरवर, दुसऱ्या हातानं खलबत्त्यात आलं कुटत होती. मागच्या खोलीतून ओट्यापर्यंत एकटी आली होती. आनंद नंतर झाला, आधी रागच आला.

"एकटी काहून उठली? पडली असती म्हणजे? हाक माराची न मले!"

"बायांचा आवाज आला म्हणून दारातून पाह्यलं," ताई म्हणाली. "घोरून राहिली होती तू. दोन महिन्यांत पहिल्यांदा तुले झोपलेली पाह्यलं. तुले कशी उठवू मी? अन् बाया काय बिनचहाच्या जातीन?"

मी त्या मिरचीवाल्या बाईच्या गळ्यात पडून रडले. ओळख ना पाळख, तीही रडली.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला, ताई एकटी चालली म्हणून. ते खूश झाले. "अरे वा! नेमकं काय केलं तुम्ही?"

जे खरं होतं तेच सांगितलं. "झोपली होती जी मी."