सेहेचाळीस स्वार आणि चार माणसं

पहिली पाळी संपवून गोरक्षनाथ दुपारी साडेतीनला घरी आला, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि रोजच्या सवयीनं भिंतीतल्या काचेच्या कपाटाकडे बघितलं. कपाट रिकामं होतं. एखादी वस्तू इकडची तिकडं झाली असती तर गोष्ट वेगळी. इथं चारी फळ्या पुसून लख्ख केलेल्या, वरच्या फळीवर भंडाऱ्याची बारीक पिवळी रेघ आणि बेलाचं एक पान. तीन वर्षं खपून उभी केलेली फौज होती ती. सेहेचाळीस घोडेस्वारांतला एकही जागेवर नव्हता. तो कॉटवर बसला.

आता बेचाळीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या बापाच्या घरात घोडेस्वार कुठून आले, ते सांगायला हवं. गोरक्षनाथ जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. प्रयोगशाळा म्हटलं की पाहुण्यारावळ्यांना काहीतरी भारी वाटतं. काम एवढंच की ओल्या कागदावर चिमट्यानं शंभर दाणे ओळीत मांडायचे, आठवड्यानं त्यातले किती उगवले ते बघायचं आणि डबीच्या बुडाला न पुसणाऱ्या पेनानं आकडा लिहायचा. एकोणीस वर्षं तो हेच करतोय. हात इतका स्थिर झालाय की काठोकाठ भरलेला चहा घेऊन जिना चढला तरी थेंब सांडत नाही. घराणं मूळचं मेंढरंवाल्यांचं, वाटूरकडचं. बापाच्या काळात मेंढरं गेली, थोडी शेती आली, आणि गोरक्षनाथाच्या वाट्याला हा चिमटा आला.

नाद लावला सूरजनं. सूरज त्याचा शाळेतला दोस्त, आता अंबडच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. टेबलावर अंगठ्याएवढ्या सैनिकांच्या फौजा मांडायच्या, फासे टाकायचे, पट्टीनं मोजून पुढं सरकायचं आणि जुन्या लढाया पुन्हा लढायच्या, असा तो खेळ. बाकीचे लोक रोमन घेतात, मोगल घेतात. गोरक्षनाथानं घेतलं बोर्नू. आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या गवताळ मुलखात, चाड सरोवराच्या काठी, गोरे यायच्या कित्येक शतकं आधीपासून नांदत असलेलं राज्य. सूरजच्या मोबाइलवर त्यानं एक चित्र बघितलं होतं. घोडा, आणि घोड्याच्या अंगावर मानेपासून गुडघ्यापर्यंत जाडजूड, ठिगळाठिगळांचं शिवण. बाण लागू नये म्हणून घातलेलं.

"ही तर मायची वाकळ हाय," गोरक्षनाथ म्हणाला, आणि तिथंच तो अडकला.

त्याची माय जयवंताबाई वाकळी शिवते. जुन्या लुगड्यांचे थर, वर रंगीत ठिगळं आणि काठाकडून आत आत येत जाणारा लाल दोऱ्याचा धावता टाका. पंचक्रोशीत तिच्या हाताला नाव आहे. लेकानं एम-सीलच्या गोळ्यांतून घोडे कोरले, साचे पाडले, शिसं-कथील वितळवून ओतलं आणि प्रत्येक घोड्याच्या पाठीवर मायच्या वाकळीचीच ठिगळं रंगवली. प्रत्येक स्वाराचं नाव ठेवलं. पुस्तकं धुंडाळून, सूरजला भंडावून सोडून खरी तिकडची नावं शोधली आणि बुडाखाली न पुसणाऱ्या पेनानं लिहिली. खेळात लागणाऱ्या चार बारीकसारीक सोंगट्या होत्या, त्या वेगळ्या डबीत.

येत्या रविवारी छत्रपती संभाजीनगरात पुण्या-नाशकाचे खेळणारे जमायचे होते. गोरक्षनाथाची फौज पहिल्यांदाच परक्या माणसांच्या नजरेला पडणार होती. एकोणीस वर्षांत कुणी त्याला "हे तू केलंस का?" म्हणून विचारलं नव्हतं. ते एकदा तरी ऐकायला मिळावं म्हणून तो अक्षरशः दिवस मोजत होता. आणि आज बुधवारी कपाट रिकामं.

"मोनिका," शेवटी त्यानं बायकोला हाक मारली. "इथले घोडे कुठंयत?"

ती कणीक मळता मळता दारात आली. सासूला ती आत्याबाई म्हणते. "आत्याबाई घेऊन गेल्या की. सकाळच्या एसटीनं, शहागडला. गंगेला द्यायला."

"काय द्यायला?"

"देव. तुम्हीच म्हणले म्हणं, बघून घे म्हणून."

झाल्या गोष्टीत दोष कुणाचा, हे गोरक्षनाथाला त्या क्षणी लख्ख दिसलं. महिन्यापूर्वी माय मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आली. पट्टी निघाली त्या दिवशी ती नव्या नजरेनं घरभर बघत फिरली आणि कपाटासमोर थांबली. घोड्यावर स्वार, हातात भाला, घोड्याच्या पाठीवर तिच्याच हातची वाकळ. तिनं दोन्ही हात जोडले. "खंडोबा का रे, गोरख? इतके?" त्यानं सांगायला हवं होतं. पण एवढा बाप्या माणूस बाहुल्या रंगवून खेळतो, हे मायला कोणत्या तोंडानं सांगायचं? तो नुसता "हं" म्हणाला. तेव्हापासून माय रोज आंघोळ करून पहिल्या स्वाराला भंडारा लावायची आणि हा गुपचूप मऊ ब्रशनं तो झटकायचा.

गेल्या रविवारी सूरजबरोबर सराव झाला. त्यात एक स्वार टेबलावरून पडला, भाला मोडला, घोड्याचा पाय निखळला. आज सकाळी मायनं ते बघितलं. खंडित झालेला देव घरात ठेवत नाहीत, वाहत्या पाण्याला द्यावा लागतो, आणि इकडं गोदावरीलाच गंगा म्हणतात. "गोरख, देव खंडित झालाय," ती म्हणाली. हा हेल्मेट चढवत होता. "बघ न मंग तू," म्हणाला आणि गाडीला किक मारली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटी फुकट. त्यामुळं माय कुठंही जायला एका पायावर तयार असते. ती गेली.

त्यानं गाडी काढली ती थेट अंबडच्या रस्त्याला. पाण्यात पडलेलं शिसं सापडत नसतं, हे त्याला कळत होतं. तरी डोक्यात हिशेब चालू होता की कदाचित गर्दी असेल, कदाचित एसटी उशिरा पोचली असेल, कदाचित अर्धे तरी उरले असतील. मायवर ओरडायचं नाही, असं तो स्वतःला बजावत होता आणि ओरडायची वाक्यंही मनात जुळवत होता.

शहागडहून येणाऱ्या गाड्या अंबडच्या स्टँडवर थांबतात, म्हणून त्यानं आत डोकावलं. माय बाकावर बसलेली होती. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा, पाय वर घेतलेले, मांडीवर रिकामी पिशवी. शेंगा खात होती.

"माय, घोडे कुठंयत?"

"दिले गंगेला." तिनं त्याला बसायला जागा केली. "बराबर दिले. पुलाखाली पाणी बक्कळ हाय. एकेकाला भंडारा लावला, बेल वाह्यला. दोन विसा अन् सहा. मोजून दिले."

"सगळे?"

"एक देव खंडित झाला म्हणल्यावर बाकीचे ठेवायचे का? समद्यांनाच एका जागी देलं."

सेहेचाळीस. तो तिच्याशेजारी बसला. ओरडायची सगळी वाक्यं विरून गेली आणि त्याच्या तोंडून तेवढंच निघालं, जे महिन्यापूर्वी निघायला हवं होतं. "माय, ते देव नव्हते."

"ठाऊक हाय," माय म्हणाली.

"मंग दिले कशाला?" गोरक्षनाथानं विचारलं.

"आदी न्हाई कळलं. समदे देऊन झाले, मंग ती डबी उघडली. तवा कळलं." तिनं पदराची गाठ सोडायला घेतली. नवी नजर आली तरी बोटं जुनीच. गाठ सुटायला वेळ लागला. आत त्या चार सोंगट्या होत्या. चार पायी माणसं, दोन बाप्ये, एक बाई, एक कोवळं पोर. हात मागं बांधलेले. चौघांच्या गळ्यांना एकच दोर, त्यानं एकाला दुसरा जोडलेला.

"देवाच्या घोड्यामागं माणसं अशी बांधून चालवत न्हाईत," माय म्हणाली. "चाळीस वर्सं मेंढरं राखली म्या. मेंढराच्याबी गळ्यात दोर घातला न्हाई. हाळी देली की येत्यात. ही तर माणसं हायेत न रे."

तिनं दोरावर बोट ठेवलं. रंग खरवडलेल्या जागी तो लाल दिसत होता.

"अन् दोरा माझा हाय. वाकळीचा. माझ्या डब्यातून घेतलास तू."

घेतला होता. त्याला ती संध्याकाळ आठवली. दोर म्हणून काय लावावं हे सुचत नव्हतं, आणि मायच्या डब्यातला लाल दोरा दिसल्यावर त्याला कोण आनंद झाला होता. जाडी अगदी बेतशीर. चिमट्यानं चार बारीक गाठी मारल्या, वर गोंदाचा थेंब, वर मातकट रंग. त्या गाठींचा फोटो काढून सूरजला पाठवला होता. सूरजनंच सांगितलं होतं की त्या मुलखात चांगले घोडे वाळवंट ओलांडून उत्तरेकडून यायचे आणि बदल्यात धरून आणलेली माणसं जायची. एका घोड्याला पंधरा-वीस माणसं. गोरक्षनाथानं ते ऐकलं आणि म्हणाला होता, "मंग नियम सोपा झाला. एक सोंगटी म्हंजी चार-पाच माणसं." त्यावर तो जेवलाही होता पोटभर. तीन वर्षं तो भिंगातून घोड्यांचे टाके बघत होता, आणि ही चार तोंडंसुद्धा त्यानंच कोरली होती. पोराचे ओठ वाकडे झालेले त्यानंच दाखवले होते. इतका बारीक नजरेचा माणूस, आणि त्याला दिसलं नव्हतं.

"घोड्यावरचे गेले ते बरं झालं," माय म्हणाली. "मला काय वाईट न्हाई वाटलं मंग. यांना कसं पाण्यात टाकावं? दोर काढावा म्हणलं, तर सुईनं निघंना. काय लावलंस?"

त्याच्या शर्टाच्या खिशात कामावरचा चिमटा होता. त्यानं चौघांना मांडीवर घेतलं आणि पहिली गाठ धरली. मोबाइल वाजायला लागला. सूरजचा फोन, रविवारी कधी निघायचं विचारायला असणार. त्यानं तो वाजू दिला. गोंद तुटला तसा दोरा सुटत आला, पण त्याच्यासंगं गळ्यावरचा रंगही निघाला. एकेकाच्या गळ्याभोवती शिशाची पांढरी रेघ उघडी पडली. पोराच्या गळ्यावरची सगळ्यांत रुंद.

माय एकाला उचलून उलटंपालटं करत होती. तिला अक्षर कळत नाही. "खाली लिव्हलंय काहीतरी," ती म्हणाली. "घोडेवाल्यांच्याबी खाली व्हतं. मोनिका म्हणली, नावं हायेत. यांचंबी नाव हाय का?"

एखादं नाव सांगता आलं असतं. कुठलंही सांगितलं असतं तरी तिनं मान डोलावली असती आणि चौघांना घरी नेऊन त्या नावानं हाक मारली असती. "हं" म्हणण्याइतकंच ते सोपं होतं.

"नाव न्हाई, माय," तो म्हणाला. "पाव घोडा, असं लिव्हलंय. चौघांच्या खाली तेच हाय."

"म्हंजी?"

"खेळात या चार देल्या की एक घोडा येतो."

मायनं काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी उन्हात काढू नका म्हणून बजावलं होतं, तरी काढला, आणि त्याच्याकडे बघितलं.

"तू लिव्हलंस?"

"मीच."

"पुस."

त्यानं अंगठा ओला केला आणि घासायला लागला. मग रुमालानं, मग नखानं. पेन प्रयोगशाळेतलं होतं. एकोणीस वर्षांत त्यानं त्या पेनानं लिहिलेला एकही आकडा पुसला गेला नव्हता. जालन्याची गाडी फलाटाला लागली, कंडक्टरनं दोनदा हाका दिल्या, गाडी भरली आणि निघून गेली. माय उठली नाही. ती त्याच्या अंगठ्याकडे बघत बसली, आणि तो घासत राहिला.