रऊफनं अर्ध्यात सोडलेलं चाक

शबानाचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, माझ्या गॅरेजात एका ट्रॅक्टरखाली होतो. "नामदेवकाका, अब्बा गेले." मी विचारलं, कुठं गेले? ...माणूस असंच विचारते. दुपारची नमाज पढून रऊफ जरासा आडवा झाला, तो उठलाच नाही.

आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली तयार झालो. पुढं तो अमरावतीला गेला, मी इथंच राहिलो. चौथीच्या वर दोघांनीही शाळा पाहिली नाही, पण आमच्या कामाला कुणी नावं ठेवली नाहीत, हे मी आजही छातीठोक सांगतो. भांडण जन्मभर एकच, गाडीचं दुखणं आधी कोण ओळखते. आदल्याच संध्याकाळी शबानाच्या गाडीवरून फोनवर भांडलो होतो. पोरगी धारणीकडं नर्स आहे, दर हप्त्याला मेळघाटचा घाट चढते-उतरते.

"ब्रेकचा पिवळा दिवा लागून राहिला, अन् पुढचं डावं चाक घरघरते," रऊफ म्हणाला.

"चाकाजवळचा सेन्सर गेला. बदल अन् मोकळा हो."

"सेन्सर मेला रे, पन त्याले मारलं कोनं? बेरिंग खिळखिळी झाली, चाक डुललं, अन् त्याचं तोंड घासून टाकलं. नुसता सेन्सर टाकला त नवा बी खाईन ते."

"तू पाह्यलं काय?"

"स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवलं. हाताले खडे लागले. तुले काय समजते आता, म्हातारा झाला तू!"

"अन् तू काय नवरदेव हायेस काय?"

हसत फोन ठेवला त्यानं.

मयतीनंतर मी त्याच्या गॅरेजात गेलो. गाडी लोखंडी घोडीच्या टेकूवर तशीच उभी, डावं चाक काढलेलं. जुनी बेरिंग पोत्यावर पडली होती. बोटानं फिरवली... खरखर. खरं त्याचंच होतं. शेजारी नवी बेरिंग. तिची एक बाजू चुंबकाची असते, ती सेन्सरकडं बसवावी लागते. उलटी बसली तर दिवा जात नाही, अन् दिसायला दोन्ही बाजू सारख्याच. रऊफनं चुंबकाच्या बाजूला खडूची फुली मारून ठेवली होती. गल्लीतले मिस्त्री म्हणाले, चाचा, आम्ही करतो. मी म्हटलं, हात लावू नका. रऊफच्या हातातलं काम मीच उचलणार.

बेरिंग दाबून बसवली, नवा सेन्सर लावला. दिवा विझला. शबानाला बाजूला बसवून परतवाड्याच्या रोडवर गाडी काढली. काटा साठच्या वर गेला अन्... घूं. तीच घरघर. मी परत आणली, चाक उघडलं. सगळं जिथल्या तिथं. पुन्हा नेली, पुन्हा तोच आवाज. जसा काही तो मागच्या सीटवर बसून म्हणते, नामदेवा, राहिलं रे काही. अकोल्याला घरी आलो तरी कानात घूं. जेवताना घूं. घरचे म्हणाले, भास आहे. मी म्हटलं, भास असो की रऊफ असो, पोरगी या गाडीत घाट चढणार नाही. तिकडं तिची ड्यूटी खोळंबली होती, रोज फोन, "काका, मले जावं लागते."

पुन्हा अमरावती गाठली. स्प्रिंगवर हात ठेवला, शबानाला चाक फिरवायला लावलं. लोण्यासारखं फिरलं. मी डोकं धरून खाली बसलो. तर तिनं टायरवर तळवा फिरवला, एकदा पुढं, एकदा मागं.

"काका, इकून गुळगुळीत हाये, तिकून करवतीवानी लागते. अब्बा असाच हात फिरवत."

मी हात फिरवला. खरंच दाते पडले होते. खराब बेरिंगवर पळून पळून टायर तसा झिजला होता. बेरिंग गेली, तिची चाल टायरात राहिली. मी कान देत होतो, हात दिलाच नाही. ते चाक मागं लावून पाहिलं, तर आवाजही मागं गेला. मग नवा टायर टाकला. परतवाड्यापर्यंत गाडी अशी शांत चालली की शबाना रडायला लागली. दुसऱ्या दिवशी ती धारणीला गेली, पोचल्याचा फोनही केला.

काढलेला टायर भंगारवाल्याला द्यायचा होता. नाही दिला. माझ्या गाडीचं माप तेच, मागच्या बाजूला बसवून घेतला. पोरगा म्हणते, "बाबा, फेका ना आता, कान किटले." फेकतो म्हणतो. शबानाच्या आईची खबर घ्यायला अमरावतीला जाणं-येणं असते. परतताना बडनेरा मागं पडलं, रोड मोकळा झाला, काटा साठच्या वर गेला की मागून सुरू होते... घूं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी काचा बंद ठेवतो. रेडिओ लावत नाही.