साडेपाच म्हणजे साडेपाच

अकरा वर्षं मी आणि माझी एक मैत्रीण नाहूरला सकाळी एकत्र चालायला जायचो. मग तिच्या मुलाने टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, तिथे खालीच जिम होती, आणि एका सोमवारी ती बागेच्या फाटकाशी आलीच नाही. मी पाऊण तास उभी. फोन केला तर म्हणाली, "अगं, सांगायचं राहूनच गेलं." त्यावर मी तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही आणि त्यातला एकही शब्द मी अजून मागे घेतलेला नाही.

पण त्यानंतर माझं चालणं सुटलं, हेही खरं. मी गिरणी बंद पडलेल्या बापाची मुलगी. एका शिलाई मशीनवर पडदे शिवायला लागले आणि भांडुपला स्वतःचं दुकान केलं. ठोक बाजारातले व्यापारी मला लांबून बघूनच चहा मागवतात, म्हणजे आता भाव करण्यात तास जाणार. तरी सकाळी एकटीने बूट घालून बाहेर पडणं मला जमेना. फाटकाशी कोणीतरी आपली वाट बघतंय, या धास्तीनेच माझे पाय जमिनीला लागतात. साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "चालायला लागा, नाहीतर इन्सुलिन सुरू करू." त्यांच्याशीही घासाघीस केली. तीन महिन्यांची मुदत मिळाली.

माझी भाची पवईला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. ती म्हणाली, "मावशी, तुझ्यासारखे खूप असतील गं. जिमला एकटं जायची लाज वाटते, पळायला सोबत नसते. त्यांना एकत्र आणू ना." दोन रविवार बसून तिने साइट बनवली. आपण कुठे राहतो, कोणता व्यायाम करायचाय, कोणती वेळ जमेल ते लिहायचं. मग जवळपासची माणसं दिसतात. चालवायची मी.

साइट सुरू झाली आणि माझी झोप उडाली. गिऱ्हाईक पडद्याचा रंग विचारतंय आणि मी काउंटरखाली फोन बघतेय. पहिल्या दिवशी सहा जण, त्यातले चार नातेवाईक. मग मुलुंड, घाटकोपर, पार बोरिवलीहून लोक आले. पण जोडी कोणी लावेना. नुसते गुलाबाचे फोटो आणि शुभ सकाळ. एकाला मी चिडून काढून टाकलं, तर तो भाचीचा साहेब निघाला.

"प्रत्यक्ष भेटव सगळ्यांना," भाची म्हणाली. "नाहीतर वाट लागली समज."

मी लिहिलं, रविवारी सकाळी साडेपाच, नाहूरच्या बागेचं मोठं फाटक. एकतीस जणांनी 'येणार' केलं. त्यात त्या मैत्रिणीचं नाव नव्हतं. दोनदा पाहिलं.

साडेपाच लिहिलं, पण मनात सहा धरले होते. पडद्याच्या कापडाचा मी भाव सांगते तो कधी खरा नसतो. गिऱ्हाईक खाली ओढणार हे धरूनच सांगते. वेळेचंही आमच्याकडे तसंच. बारशाला पाचला बोलावलं की सहाला लोक साडी नेसायला घेतात.

मी सहाला पाच मिनिटं असताना पोचले. फाटकाशी कोणी नाही. वॉचमन म्हणाला, "एक बाई होत्या. सव्वापाचपासून उभ्या. दहा मिनिटं झाली, गेल्या."

"थांबवायचं ना त्यांना!" मी त्याच्यावर ओरडले.

"मला काय माहीत, ताई? त्या रडवेल्या झाल्या होत्या."

सहा वाजून गेल्यावर एकेक करत नऊ जण आले. हसले, चालले, तिथल्या तिथे दोन जोड्याही ठरल्या. माझं लक्ष कुठेच नव्हतं. फोन उघडला तर साइटवर त्या बाईंचे दोन निरोप: 'फाटकाशी आहे, पिवळी ओढणी.' मग: 'बहुतेक माझंच काहीतरी चुकलं. सॉरी.' त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं ते मी आधी नीट वाचलंच नव्हतं. माहुलहून नुकत्याच इकडे राहायला आल्या होत्या. ओळखीचं कोणी नाही. एकटीने जायला जमत नाही.

भाचीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "साडेपाच लिहिलंस तर साडेपाचलाच जायचं ना!"

"अगं, आपल्यात कोण येतं वेळेवर?"

"ती आली ना."

मी फोन आपटला. मग माफीचा निरोप लिहायला बसले. आधी रिक्षा मिळाली नाही असं लिहिलं, ते पुसलं. वॉचमनने चुकीचं सांगितलं, तेही पुसलं. शेवटी लिहिलं: 'तुमचं काही चुकलं नाही. मी उशिरा आले. उद्यापासून रोज साडेपाचला मी फाटकाशी आहे.' त्यांनी वाचलं. उत्तर नाही.

सोमवारी सव्वापाचला जाऊन उभी राहिले. कोणी नाही. त्याच फाटकाशी, त्याच जागी. प्रत्येक ओढणीकडे बघत होते. मंगळवारी सहापर्यंत उभी. वॉचमनने खुर्ची आणून दिली, बसले नाही. बसले असते तर लांबून कोणाला दिसले असते?

बुधवारी साडेपाचच्या सुमारास रस्त्यापलीकडे एक बाई येऊन थांबल्या. ओढणी निळी होती. माझ्याकडे बघत राहिल्या, पण रस्ता ओलांडेनात. मी हात वर केला. एवढी मी बँकेत पहिल्या कर्जासाठी बसले होते तेव्हाही घाबरले नव्हते. त्या आल्या. माझ्याहून लहान, डोळ्यांत अजून राग.

"कधी आलात?" त्यांनी विचारलं.

"सव्वापाचला."

"काल?"

"कालही. परवाही."

आम्ही बागेला दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला म्हणाल्या, "साडेपाच मला फार लवकर होतं हो. मुलीचा डबा असतो. उद्यापासून पावणेसहा करूया?"

जन्मात पहिल्यांदा मी समोरून आलेला आकडा मुकाट्याने मान्य केला. पावणेसहा म्हणाल्या, मी पावणेसहाच धरले. तरी पाच पस्तीसलाच जाऊन उभी राहते. त्या दिसेपर्यंत माझे तळहात ओले असतात.